विश्लेषण : कायदा सगळ्यांना सारखा, मग जामीन, तपास आणि निकाल सारखे का नाहीत?

१९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास पुण्यातल्या कल्याणीनगर भागात भरधाव पोर्शे कारने एका दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आले होते आणि दोघांचंही वय २४ होतं. कार चालवत होता एका बांधकाम व्यावसायिकाचा १७ वर्षांचा मुलगा. सुमारे १५ तासांत त्याला जामीन मिळाला. जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अटही होती.

त्या निबंधावरून देशभर संताप उसळला, मीम्स झाले, रिल्स फिरले. पण निबंध हा या प्रकरणाचा सर्वात चर्चेतला भाग असला, तरी सर्वात गंभीर भाग नव्हता. पैसा आणि ओळखी न्यायाच्या वाटेत नेमक्या कुठे आडव्या येतात, हे निबंधात कमी आणि त्याच्या आगेमागे घडलेल्या गोष्टींत जास्त दिसतं. ‘श्रीमंतांसाठी वेगळा कायदा’ असं आपण सहज म्हणतो. कायद्याच्या पुस्तकात मात्र तसा वेगळा कायदा कुठेच नाही. मग फरक पडतो कुठे?

निबंधाची अट बेकायदा होती का?

बालन्याय कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाला जामीन देणं हा नियम आहे. गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, याने सहसा फरक पडत नाही. मुलगा बाहेर आल्यावर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असं वाटलं तरच जामीन नाकारता येतो. समुपदेशन, वाहतूक पोलिसांसोबत काम अशा सुधारणेच्या अटी घालणंही या कायद्याच्या चौकटीत बसतं.

लोकांना खटकला तो वेग आणि हलकेपणा. दोन जीव गेले होते आणि त्याच दिवशी बालन्याय मंडळाच्या एकाच सदस्याने हा आदेश दिला. संताप वाढला तसा पोलिसांनी आदेशाच्या फेरविचारासाठी अर्ज केला आणि २२ मे रोजी मंडळाने मुलाची रवानगी निरीक्षणगृहात केली. पुढे राज्य सरकारने चौकशी केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून दूर केलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्याचे आदेश बेकायदा ठरवले आणि त्याला सोडायला सांगितलं. जामीन कायम असताना त्याच मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, असा त्यामागचा साधा तर्क होता. लोकांचा संताप कितीही खरा असला, तरी न्यायालयाला कायद्यानेच चालावं लागतं, असा या निकालाचा सूर होता.

म्हणजे या एकाच प्रकरणात व्यवस्था दोनदा झुकताना दिसली. आधी घाईने सौम्य आदेश निघाला आणि मग रेट्यामुळे कायद्यात न बसणारा कठोर आदेश निघाला.

मग खरा प्रश्न कुठे आहे?

खरा प्रश्न आहे पुराव्याचा. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात सर्वात महत्त्वाचा पुरावा म्हणजे रक्ताचा नमुना. शरीरातलं अल्कोहोल तासागणिक कमी होत जातं, त्यामुळे नमुना लवकर घेणं गरजेचं असतं. इथे ससून रुग्णालयात नमुना घेतला गेला तो सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे अपघातानंतर आठ तासांनी. त्या अहवालात अल्कोहोल आढळलं नाही.

पोलिसांना शंका होती म्हणून नंतर औंधच्या सरकारी रुग्णालयात दुसरा नमुना घेण्यात आला. डीएनए तपासणीत दोन्ही नमुने वेगवेगळ्या व्यक्तींचे असल्याचं समोर आलं. मुलाचा नमुना कचऱ्यात टाकून त्याजागी त्याच्या आईचं रक्त ठेवण्यात आलं, असा पोलिसांचा आरोप आहे. त्यासाठी पैसे दिले गेले, असंही पोलिसांचं म्हणणं आहे. ससूनच्या न्यायवैद्यक विभागाचे तत्कालीन प्रमुख, आणखी एक डॉक्टर आणि एक कर्मचारी यांना अटक झाली. मुलाचे वडील, आजोबा आणि आई यांनाही वेगवेगळ्या आरोपांखाली अटक झाली. कुटुंबाच्या चालकाने ‘गाडी मी चालवत होतो’ असं सांगावं, म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा आरोपही आहे. घटनेची माहिती वरिष्ठांना वेळेत न दिल्याबद्दल येरवडा पोलीस ठाण्यातले दोन अधिकारी निलंबित झाले. जुलै २०२४ मध्ये सात जणांविरुद्ध ९०० पानांचं दोषारोपपत्र दाखल झालं.

हे सगळे आरोप आहेत आणि ते न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण ते कुठल्या टप्प्यावरचे आहेत, हे पाहण्यासारखं आहे. यातला एकही प्रकार न्यायाधीशासमोर घडलेला नाही. पोलीस ठाणं, रुग्णालय, घरातला चालक या सगळ्या जागा खटला उभा राहण्याच्या आधीच्या आहेत. पुरावा इथेच नाहीसा झाला, तर पुढे कितीही प्रामाणिक न्यायाधीश असला तरी त्याच्या हाती काही उरत नाही. न्यायालय समोर आलेल्या कागदांवर निकाल देतं, आणि मुळातला कागदच बदलला असेल तर निकालही बदलतो.

पुराव्याशी छेडछाड फक्त पुण्यातच झाली का?

नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाला लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. सिनेमागृहाचे मालक असलेल्या अन्सल बंधूंवर खटला चालला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना प्रत्येकी ३० कोटी रुपये भरायला सांगितलं आणि भोगून झालेली कैद पुरेशी मानली. त्यावर मोठी टीका झाली. २०१७ मध्ये फेरविचारानंतर एका भावाला उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात जावं लागलं, दुसऱ्याला वयामुळे सवलत मिळाली.

याच खटल्यातली महत्त्वाची कागदपत्रं न्यायालयाच्या दप्तरातूनच गहाळ झाली होती, काहींशी छेडछाड झाली होती. एका न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या संगनमताने हे घडल्याचं २०२१ मध्ये सिद्ध झालं आणि अन्सल बंधूंना सात वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी केली. आगीच्या दिवसापासून हा हिशेब केला तर पीडित कुटुंबं २५ वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होती.

साक्षीदारांचं काय होतं?

१० जानेवारी १९९९ च्या पहाटे दिल्लीत एका बीएमडब्ल्यू कारने सहा जणांना चिरडलं. त्यात तीन पोलीस होते. कार चालवणारा तरुण माजी नौदलप्रमुखांचा नातू होता. २००७ मध्ये एका वृत्तवाहिनीच्या स्टिंग ऑपरेशनमध्ये बचाव पक्षाचे नामांकित वकील सरकारी साक्षीदाराशी व्यवहाराचं बोलताना दिसले. साक्षीदाराला फोडण्याच्या या प्रयत्नाबद्दल त्या वकिलांना दिल्ली उच्च न्यायालयाने न्यायालयाच्या अवमानाचे दोषी ठरवलं आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं.

मूळ खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सदोष मनुष्यवधासाठी दोषी मानलं. शिक्षा मात्र भोगून झालेल्या काळाइतकीच राहिली, सोबत ५० लाख रुपये आणि दोन वर्षं समाजसेवा.

साक्षीदार फितूर होण्यामागे नेहमीच पैसा नसतो. कधी भीती असते, तर अनेकदा कारण निव्वळ थकवा असतं. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून न्यायालयात जावं लागतं. तिथे गेल्यावर पुढची तारीख मिळते. दहा वर्षांनी त्याला उलटतपासणीत विचारलं जातं, की गाडी डावीकडून आली की उजवीकडून? त्याला आठवत नाही, आणि त्याचा फायदा आरोपीला मिळतो.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१७ मध्ये असा कायदा केला होता. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही प्रत्येक राज्याने अशी योजना करणं बंधनकारक आहे. पण योजना जाहीर होणं आणि एखाद्या पथारीवाल्याला साक्ष देताना खरोखर सुरक्षित वाटणं, यात मोठं अंतर आहे.

वेळ कोणाच्या बाजूने असतो?

देशातल्या न्यायालयांत पाच कोटींहून अधिक प्रकरणं प्रलंबित आहेत. दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितलं होतं. आज हे प्रमाण २० च्या आसपास आहे. अशा गर्दीत प्रत्येक अर्ज, प्रत्येक अपील खटल्याला मागे ढकलतं. ज्याच्याकडे ज्येष्ठ वकिलांची फौज आहे त्याला उशीर परवडतो. बाकीचे मात्र याच उशिराने खचतात.

अभिनेता सलमान खान याच्या प्रकरणाकडे या नजरेने पाहता येईल. सप्टेंबर २००२ मध्ये वांद्र्यात फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर गाडी चढली, एकाचा मृत्यू झाला, चार जण जखमी झाले. सत्र न्यायालयाचा निकाल आला ६ मे २०१५ रोजी, म्हणजे तब्बल साडेबारा वर्षांनी. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने त्याची सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता केली, कारण सरकार पक्षाला गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करता आला नव्हता. घटनेच्या वेळी गाडीत असलेला अंगरक्षक पोलीस हा मुख्य साक्षीदार होता आणि तो २००७ मध्येच मरण पावला होता.

न्यायालयाने निर्दोष ठरवलेल्या माणसाला दोषी म्हणता येत नाही. पण शिक्षेच्याच दिवशी काही तासांत वरच्या न्यायालयात सुनावणी होणं, ही सोय किती जणांना मिळते, हा प्रश्न त्या निकालानंतरही उरतो.

तुरुंगात नेमकं कोण आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. हे प्रमाण ७५.८ टक्के होतं. थोडक्यात, तुरुंगातल्या दर चार जणांपैकी तीन जण कायद्याच्या नजरेत अजून निर्दोष होते. ११ हजारांहून अधिक कच्चे कैदी पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आत होते. बहुसंख्य कैदी दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय समाजातले आहेत, आणि दहावीच्या पुढे शिकलेले फार थोडे.

यातले काही जण तर जामीन मंजूर होऊनही आत असतात. २०२२ च्या संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयातल्या कार्यक्रमात न्यायाधीशांसमोरच तुरुंगातल्या गरिबांचा विषय काढला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांकडून माहिती मागवली. तेव्हा जामीन मिळूनही बाहेर न आलेले सुमारे पाच हजार कैदी असल्याचं समोर आलं.

जामीन मिळूनही माणूस आत कसा राहतो?

कारण जामिनाचा आदेश हा फक्त अर्धा रस्ता असतो. उरलेला अर्धा जामीनदाराचा असतो. न्यायालय समजा २५ हजारांचा जामीन ठरवतं. तेवढ्या ऐपतीचा जामीनदार आणावा लागतो. त्याचं रेशन कार्ड, आधार, पगाराची स्लिप किंवा सातबारा, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागतो. मराठवाड्यातून पुण्यात बांधकामावर आलेल्या किंवा बिहारमधून मुंबईत आलेल्या मजुराने शहरात असा माणूस कुठून आणायचा? गावी जमीन असलीच तर भाऊबंदकीत अडकलेली. रोख रक्कम भरायची तर तेवढी हातात नसते. शिवाय कागद गोळा करायला बाहेर कोणीतरी धावपळ करणारं लागतं.

हा प्रश्न नवा नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. त्याला १० हजारांचा जामीन सांगितला होता, आणि जामीनदार म्हणून पुढे आलेल्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या वैयक्तिक बंधपत्रावर सोडायला सांगितलं आणि गरिबांकडून न झेपणारा जामीन मागण्यावर कडक शब्दांत टीका केली. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचं प्रकरण आलं. ज्या गुन्ह्यासाठी पकडलं त्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ काही जण आत होते. जलद सुनावणी हा मूलभूत हक्क आहे, हे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केलं.

आज या निकालांना साडेचार दशकं उलटून गेली आहेत. जामीनदाराची अट मात्र बहुतेक ठिकाणी तशीच आहे.

काही बदललं आहे का?

कागदावर बरंच बदललं आहे.

– जामीनपात्र गुन्ह्यात अटक झाल्यावर आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर त्या व्यक्तीला निर्धन मानून वैयक्तिक बंधपत्रावर सोडावं, असं कायदा सांगतो.

– जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग प्रशासनाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार करावा. हे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत.

– गरीब कैद्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये योजना आणली. त्यात तेव्हा कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती.

– नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे यात येत नाहीत आणि एकाहून जास्त खटले असतील तरीही लाभ मिळत नाही. जुन्या प्रकरणांनाही हे कलम लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.

– महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

अडचण ही की यातली प्रत्येक तरतूद कोणीतरी मागावी लागते. अर्ज कोणी करायचा, कोणत्या कलमाखाली, कोणत्या टेबलावर, हे सांगणारा माणूस हवा. श्रीमंत आरोपीकडे पहिल्या तासापासून असा माणूस असतो. गरिबाला अनेकदा आपल्याला असा काही हक्क आहे, हेच माहीत नसतं.

व्हायरल झाल्याशिवाय न्याय नाही का?

पुण्याच्या प्रकरणात लोक बोलले नसते, तर दुसऱ्या रक्तनमुन्याचं पुढे काय झालं असतं, हा प्रश्न रास्त आहे. सामाजिक माध्यमांच्या रेट्याने तपास जागा राहिला, यात शंका नाही. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यायला हवा. गाडी पोर्शे होती, शहर पुणे होतं, सीसीटीव्ही होते, म्हणून बातमी झाली. एखाद्या तालुक्याच्या रस्त्यावर वाळूच्या डंपरने मजुराला उडवलं आणि डंपर गावातल्या पुढाऱ्याचा असला, तर हॅशटॅग होत नाही. तिथेही नमुना उशिरा घेतला जाऊ शकतो, तिथेही दुसराच चालक उभा केला जाऊ शकतो.

शिवाय संतापाला फक्त कठोर शिक्षा हवी असते. जुलै २०२५ मध्ये बालन्याय मंडळाने या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली, तेव्हाही ‘पुन्हा पैसा जिंकला’ अशा प्रतिक्रिया उमटल्या. पण १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा तर गुन्हा ‘अतिगंभीर’ असावा लागतो, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरलेली असावी लागते. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी आहे, पण किमान शिक्षा नाही. असे गुन्हे या वर्गात बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलं होतं. हा नियम झोपडपट्टीतल्या मुलालाही वाचवतो, आणि निरीक्षणगृहांत जास्त करून त्याच घरांतली मुलं असतात.

म्हणून प्रश्न विचारताना तो नेमका विचारायला हवा. बांधकाम व्यावसायिकाच्या मुलाला १५ तासांत जामीन का मिळाला, यापेक्षा जामीन मंजूर झालेला मजूर महिनोन् महिने आत का राहतो, हा प्रश्न जास्त लोकांच्या आयुष्याचा आहे. आणि रक्ताचा नमुना किती वेळात घ्यायचा, तो सीलबंद करताना कोण हजर हवं, त्याची नोंद कॅमेऱ्यात व्हावी की नाही, हे प्रश्न निबंधावरच्या मीमपेक्षा कंटाळवाणे असले, तरी पुढच्या अपघातात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना न्याय मिळणार की नाही, हे त्यांच्यावरच ठरणार आहे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’, असं मराठीत पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. संविधानाच्या १४व्या कलमाने कायद्यापुढे सगळे समान असल्याची हमी दिली आहे. कच्च्या कैद्यांपैकी बहुतेकांनी ही पायरी स्वतःहून चढलेली नाही. त्यांना तिथे नेण्यात आलं आहे, आणि उतरण्यासाठी त्यांना जामीनदार हवा आहे.